तेंदूच्या दिवसांत पेपर

मे महिन्यात आमच्या भागातली गावं पहाटेच रिकामी होतात. ऊन चढायच्या आत जंगलातून तेंदूची पानं तोडून आणायची आणि मग दुपारभर ओसरीत बसून पुडे बांधायचे. एका पुड्याला 70 पानं. गेल्या उन्हाळ्यात धानोऱ्याकडे एका ओळखीच्या घरी बसलो होतो. घरची पोरगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. हात पानांवर, मांडीखाली गाईडच्या झेरॉक्स. ओठ सारखे हलत होते. पानं मोजत होती की समाजशास्त्राची व्याख्या घोकत होती, कळेना. विचारलं तर म्हणाली, "पेपर परवा हाये जी, फळी आज संध्याकाळी." फळी म्हणजे पुडे मोजून देण्याची जागा. पेपर बुडाला तर वर्ष जातं आणि फळी बुडाली तर पुढच्या वर्षाची फी.

गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाची प्रगती मोजायची तर मी या ओसरीपासून सुरुवात करीन.

हे विद्यापीठ 27 सप्टेंबर 2011 रोजी स्थापन झालं. त्याआधी चंद्रपूर आणि गडचिरोलीची कॉलेजं नागपूर विद्यापीठात होती. सिरोंच्याहून नागपूर तीनशे किलोमीटरहून जास्त. गुणपत्रिकेतलं नाव दुरुस्त करायचं म्हटलं तरी रात्रभर एसटीत बसायचं, कुणाकडे तरी मुक्काम टाकायचा आणि घरी दोन दिवसांची मजुरी सोडायची. आता ते काम गडचिरोलीत होतं. सिरोंच्याहून गडचिरोलीही दोनशेच्या घरात आहे, हे सांगितलं की नागपूरचे मित्र आधी हसतात, मग मोबाइलवर नकाशा उघडतात.

विद्यापीठाच्या आजवरच्या वाटचालीत 2023 हे वर्ष उठून दिसतं. 5 जुलैला दहावा दीक्षांत समारंभ झाला आणि राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू गडचिरोलीत आल्या. अडपल्लीच्या नव्या परिसराचा कार्यक्रमही त्यांच्याच हस्ते झाला. बांध्यांमध्ये पऱ्हे वर येत होते, रोवणी तोंडावर होती आणि तरी पारावर चर्चा समारंभाचीच. एरवी गडचिरोलीचं नाव मोठ्या पेपरात चकमकीच्या बातमीत येतं. त्या दिवशी पहिल्या पानावर पदवीचे झगे होते, आणि समोर मयूरभंजच्या संताळ घरातून आलेली बाई राष्ट्रपती म्हणून उभी होती. आमच्याकडच्या पोरींना त्या चित्राचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागला नाही.

तरी त्या समारंभापेक्षा 'विद्यापीठ आपल्या गावात' या उपक्रमाचं मोल मला जास्त वाटतं. शिक्षण अर्धवट सुटलेल्यांना गावातच राहून पदवीपर्यंत जाता यावं, ही त्यामागची कल्पना. फोटोत फारसं काही दिसणार नाही असंच हे काम. पण मार्चमध्ये मोह, मे महिन्यात तेंदू, पावसाळ्यात रोवणी आणि दिवाळीच्या आगेमागे धानकापणी असं ज्याचं वर्ष बांधलेलं आहे, त्याच्याकडे विद्यापीठानंच चालत जायला हवं.

याची निकड निव्वळ नोकरीपुरती नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाच्या ग्रामसभेला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि एप्रिल 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. विद्यापीठ जन्मलं तेही त्याच वर्षी. हा योगायोग मला आवडतो. आज जिल्ह्यात कितीतरी ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करतात. करारनामा वाचायचा, ठेकेदाराशी दर ठरवायचा, बँकेचं खातं सांभाळायचं, पुढल्या वर्षीच्या तोडीचा हिशेब मांडायचा. हे सगळं करणारा माणूस गावात लागतो, आणि तो शहरातून भाड्यानं आणता येत नाही.

संध्याकाळी त्या पोरीबरोबर फळीवर गेलो. उन्हानं तापलेल्या जमिनीवर पुड्यांच्या रांगा लागल्या होत्या. ठेकेदाराचा दिवाणजी मोजत पुढे सरकत होता आणि त्याच्या मागे ही, ग्रामसभेची वही घेऊन. एका घरासमोर त्यानं दोनशे दहा म्हटलं. ती थांबली, रांग परत मोजली आणि म्हणाली, "दोनशे वीस." त्यानं मान वर केली, पुन्हा मोजले आणि आकडा बदलला. तिनं वहीचं पान उलटलं. त्या पानावर खूण म्हणून हॉल तिकीट ठेवलेलं होतं.