सोनोग्राफीआधीचे दोन प्रश्न

पाळी लांबली म्हणून आईबरोबर आलेल्या मुलीचं आपण वजन करतो, हनुवटीवरचे केस पाहतो, थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि सोनोग्राफी लिहून देतो. तिला रात्री झोप लागते का, हे मात्र सहसा विचारलं जात नाही. पीसीओएसच्या तपासणीतली ही उणीव आता चालवून घेण्यासारखी राहिलेली नाही.

‘ह्यूमन रिप्रॉडक्शन’ या नियतकालिकाने २०१७ मध्ये दहा देशांतल्या ३० अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण छापलं. पीसीओएस असलेल्या स्त्रियांत चिंतेची लक्षणं ४१.९ टक्के, तर नसलेल्यांत ८.५ टक्के. बीएमआय सारखा असलेल्या गटांची तुलना केली तरी फरक टिकून राहिला. म्हणजे ‘वजन उतरलं की मनही ठीक होईल’ हे आपलं नेहमीचं उत्तर अपुरं आहे. वाढलेले अँड्रोजेन आणि इन्शुलिन रेझिस्टन्स यांचा चिंतेशी संबंध दिसतो. त्यातलं कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हा गुंता अजून पुरता सुटलेला नाही. रुग्णाला मदत करायला तो सुटण्याची वाट पाहण्याची गरज नाही.

केसांचंच घ्या. आपण स्कोअर मांडतो आणि ‘फारसे नाहीत’ म्हणतो. पण ती आदल्या दिवशी थ्रेडिंग करून आलेली असते. आरशासमोर जाणारा वेळ, कॉलेजात तोंडाला बांधलेला स्कार्फ, फोटो टाळणं, यातलं काहीही त्या आकड्यात उतरत नाही. तिला किती त्रास होतो हे तिलाच विचारावं लागतं.

आणि आपली वाक्यं. ‘आत्ता काही नाही, लग्नानंतर बघू.’ ‘वजन कमी कर, नाहीतर मूल होणं अवघड.’ आपण घाईत बोलतो, घरी मात्र त्यावर महिनोन् महिने खल होतो, स्थळं बघताना ते लपवायचं ठरतं. पीसीओएस असलेल्या बहुतेक स्त्रियांना आपोआप किंवा उपचारांनी मूल होऊ शकतं, लेट्रोझोलसारखं औषध हाताशी आहे, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगायला दोन मिनिटं पुरतात. ती दोन मिनिटं न देणं मला अक्षम्य वाटतं.

२०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार निदान होताच प्रत्येक प्रौढ स्त्रीची आणि किशोरवयीन मुलीची चिंता व नैराश्यासाठी चाचणी व्हायला हवी. चिंतेपुरती सुरुवात जीएडी-२ ने करता येते: गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा अस्वस्थ, बेचैन वाटलं? काळजी थांबवणं जमलं नाही, असं किती वेळा झालं? सहापैकी तीन किंवा जास्त गुण आले तर जीएडी-७ भरून घ्या. नैराश्याचे प्रश्न वेगळे आहेत, तेही विचारा. आई किंवा सासूबाईंना काही वेळ बाहेर बसवूनच विचारा. त्यांच्यासमोर ‘सगळं ठीक आहे’ हेच उत्तर येणार.

जीएडी-७ चे गुण दहा किंवा जास्त आले तर सविस्तर मूल्यमापन करा किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवा. सीबीटी उपयोगी पडते. औषध निवडताना वजन वाढवणारी शक्यतो टाळावीत. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक केसपेपरवर लिहून द्या, तिथे मराठीतही बोलता येतं. मानसोपचारतज्ज्ञ मित्रांनाही एक विनंती: तरुण स्त्रीला व्हॅलप्रोएट देण्याआधी आणि दिल्यानंतर तिच्या पाळीची चौकशी करा. या औषधाने पीसीओएससारखी लक्षणं उद्भवू शकतात, आणि तेव्हा तिला आमच्याकडे पाठवायचं की औषध बदलायचं, हा निर्णय आपण दोघांनी फोनवर बोलून घ्यायला हवा.