प्रथमोपचार चौथीतच शिकवावा



आपला भंडारा जिल्हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा आहे. पावसाळा लागला की बांध्या पाण्याने भरतात. मग साप धुऱ्यावर, तणसाच्या ढिगात आणि कधी घरातही येतात. आपल्याकडे साप चावला असे म्हणत नाहीत, पान लागले म्हणतात. नाव घेतले तर तो येतो, असे आजी सांगते. पण नाव नाही घेतले तरी तो येतोच. म्हणून मी नाव घेऊनच लिहिते.

माझे मत असे आहे की साप चावल्यावर करायचा प्रथमोपचार आपल्याला चौथीतच शिकवावा. काही मोठी माणसे म्हणतात, "हे हायस्कुलात गेल्यावर शिका. आता पाढे पाठ करा." पण रोवणीच्या दिवसांत घरी कोण असते? माय-बाबा सकाळीच बांधीत जातात. घरी म्हातारी आजी, पाळण्यातले लेकरू आणि आपण. आपण आठवीत जाईपर्यंत साप थोडाच थांबणार आहे!

गुरुजींनी आम्हाला आकडे सांगितले. २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सुमारे १२ लाख माणसे साप चावून मेली, असा अभ्यास करणाऱ्यांचा अंदाज आहे. त्यात चौथाईहून जास्त पंधरा वर्षांखालची मुले होती. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या महिन्यांतले होते. म्हणजे आपली शाळा उघडते तेच दिवस.

हे शिकणे कठीण नाही. यात काय करू नये हेच जास्त आहे. जखम कापू नये. तोंडाने चोखू नये. दोरीने कचकन आवळू नये, कारण रक्त थांबून हात-पाय खराब होतो. त्या माणसाला पळवू नये. अंगठी, बांगड्या, तोरड्या लगेच काढाव्या, कारण मागून सूज येते. चावलेला हात किंवा पाय हलू नये म्हणून लाकडाची पट्टी लावून कापड सैल बांधावे. धीर द्यावा. उलटी होत असेल तर कुशीवर निजवावे. आणि लगेच १०८ ला फोन करावा. ही गाडी महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, पैसे लागत नाहीत.

सापाला मारत बसण्यात वेळ घालवू नये. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर दवाखान्यात एकच औषध असते. ते घोड्याच्या रक्तापासून बनवतात.

मण्यार रात्री फिरते. खाली निजलेल्या माणसाला चावली तर कधी कधी दुखतही नाही आणि दातांची खूणही दिसत नाही. पहाटे पोट दुखते आणि पापण्या जड होतात. लोक ओवा देतात. असे झाले तर ओवा देत न बसता दवाखान्यात न्यावे. शक्यतो खाटेवर आणि मच्छरदाणीत निजावे.

मागच्या पावसाळ्यात आमच्या मोहल्ल्यातल्या एका काकांना पान लागले. लोकांनी सुतळीने पाय आवळला आणि आधी मंत्रवाल्याकडे नेले. काका वाचले, पण त्यांचा पाय अजून सुजतो. पुष्कळ साप बिनविषारी असतात. ते चावलेला माणूस तसाही बरा होतो आणि लोकांना वाटते मंत्राने झाला.

आता कोणी म्हणेल, लहान मुलांचे ऐकणार कोण? खरे आहे. एकटी मी बोलले तर "तू बाजूला हो न" असेच म्हणतील. पण पूर्ण वर्गाला हे येत असेल तर प्रत्येक घरात एक जण तेच सांगेल. मग ऐकतील.

म्हणून माझी सूचना आहे की शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात उपकेंद्रातल्या नर्सबाईंना वर्गात बोलवावे. त्यांनी पट्टी बांधून दाखवावी आणि आमच्याकडूनही बांधून घ्यावी. माय-बाबा मोबाईल बांधीत नेतात. म्हणून शेजारी फोन कोणाकडे आहे आणि मोटारसायकल कोणाकडे आहे, हे प्रत्येकाने घरी विचारून वहीत लिहावे. पाढे तर आम्ही पाठ करूच.

गुरुजींनी आणि सर्व पालकांनी यावर विचार करावा, ही विनंती.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी