पिल्लू येण्याआधी घर तयार हवे

कुत्र्याचे पिल्लू आणण्याचा हट्ट मुले धरतात, होकार वडील देतात आणि उस्तवार मात्र आईच्या वाट्याला येते. हे चित्र मुंबई-पुण्यात दिसते तसेच तमिळनाडूतील कुंभकोणमलाही दिसते. कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मध्ये वसलेल्या या देवळांच्या गावात मराठी घरे काही नवी नाहीत. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावरला भोसल्यांचे राज्य स्थापन केले आणि त्यानंतर दक्षिणेत आलेली कितीतरी कुटुंबे तिथलीच होऊन गेली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या संस्थानांचे दिवाणपद भूषवणारे सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ मध्ये कुंभकोणमच्या अशाच एका मराठी घराण्यात झाला.

यांतील काही घरांत आजही जुने वळण आहे. देवघर सोवळ्यातले, स्वयंपाक शाकाहारी, घराच्या मध्यभागी उघडा चौक आणि रस्त्याला लागून 'तिण्णै', म्हणजे आपला ओटा. अशा घरात दोन महिन्यांचे पिल्लू यायचे म्हटले की आजी पहिला प्रश्न विचारतात, "ते स्वयंपाकघरात शिरले तर?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर पिल्लू येण्याआधीच शोधले पाहिजे, आल्यानंतर नव्हे.

आधी घरातल्यांची बैठक

गळपट्टा, साखळी आणि वाडगा यांची खरेदी एका दुपारी होते. कठीण असते ती कामांची वाटणी. सकाळी सहाला बाहेर कोण नेणार? दुपारचे खाणे कोण देणार? डॉक्टरांकडे कोण नेणार? घरातले सगळे लग्नाला गावी गेले तर ते कोणाकडे राहणार? ही उत्तरे कागदावर लिहून भिंतीवर लावावीत. दहा वर्षांचा मुलगा "मी सगळे करीन" म्हणतो ते खोटे नसते, पण सहामाही परीक्षा आली की त्याचा नाइलाज होतो. म्हणून मुलांना पाण्याचे भांडे भरण्यासारखे, रोज जमेल असे एखादेच काम द्यावे आणि मुख्य जबाबदारी मोठ्यांपैकी एकाने उघडपणे स्वीकारावी.

आजींच्या प्रश्नाचे उत्तरही याच बैठकीत द्यावे. स्वयंपाकघर आणि देवघर यांच्या दाराशी गुडघाभर उंचीची फळी किंवा जाळी बसवावी. पिल्लाला पहिल्या दिवसापासून तो उंबरठा बंद असेल तर त्याला त्याचे काही वाटत नाही. आठवडाभर लाडाने आत घेऊन मग हाकलले तर मात्र ते गोंधळते आणि आजीही दुखावतात. नियम कोणताही असो, तो घरातल्या सर्वांचा एकच हवा. एकाने सोफ्यावर घ्यायचे आणि दुसऱ्याने ओरडायचे, यातून कुत्रे बिघडत नाही, घर बिघडते.

पिल्लू कोणते?

कुंभकोणमची हवा उष्ण आणि दमट. मे महिन्यात तमिळ लोक ज्याला 'अग्नी नक्षत्रम' म्हणतात, तो उन्हाळा भल्याभल्यांना नकोसा होतो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. ते धापा टाकून शरीर थंड करते. म्हणून बर्फाळ प्रदेशातली दाट केसांची हस्की किंवा सेंट बर्नार्ड जात केवळ दिसण्यावर भाळून इथे आणणे म्हणजे त्या जिवाला जन्मभराची शिक्षा देणे होय.

तमिळनाडूला स्वतःच्या कुत्र्यांची जुनी परंपरा आहे. विरुधुनगर जिल्ह्यातील राजपालयम गावाच्या नावाचे पांढरेशुभ्र, गुलाबी नाकाचे कुत्रे प्रसिद्ध आहे. चिप्पीपारै, कन्नी आणि कोंबै या जातीही इथल्याच. मराठी वाचकांना मुधोळचे कुत्रे ठाऊक असते. घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानाने नावारूपाला आणलेले ते सडपातळ शिकारी कुत्रे आणि राजपालयम या दोघांची चित्रे असलेली तिकिटे भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये काढली.

देशी आहे म्हणून डोळे मिटून घ्यावे, असे मात्र नाही. राजपालयम आणि चिप्पीपारै ही मुळात शिकारीची कुत्री. त्यांना रोज भरपूर धावायला लागते. दोन खोल्यांच्या घरात ती कोंडमाऱ्याने चिडचिडी होतात. राजपालयमच्या पांढऱ्या पिल्लांपैकी काही जन्मतः बहिरी असतात. म्हणून पिल्लू निवडताना त्याच्या मागे उभे राहून टाळी वाजवावी आणि ते मान वळवते का पाहावे. ज्यांना वंशावळीची हौस नाही, त्यांच्यासाठी गल्लीतले गावठी पिल्लू उत्तम. या हवेत टिकून राहण्याची परीक्षा त्याच्या पूर्वजांनी कधीच दिलेली असते.

कुठलेही पिल्लू आठ आठवड्यांचे होण्याआधी आईपासून तोडू नये. कुत्र्यांची पैदास व विक्री यांविषयी केंद्र सरकारने २०१७ मध्ये केलेल्या नियमांनुसार त्याहून लहान पिल्लू विकता येत नाही. चावण्याचा जोर किती असावा, हे पिल्लू भावंडांशी खेळतानाच शिकते. सहा आठवड्यांचे पिल्लू "लवकर लळा लागेल" म्हणून आणणारे नेमका हाच धडा हुकवतात.

घर जमिनीवरून पाहावे

पिल्लू आणण्याच्या आदल्या दिवशी घरातल्या कोणीतरी जमिनीवर बसून चौफेर नजर फिरवावी. लोंबणाऱ्या विजेच्या वायरी, उंदराचे औषध, डासांची कॉइल, कपाटातल्या डांबरगोळ्या हे सारे पिल्लाच्या तोंडाच्या टप्प्यात असते. पूजेचा कापूर पोटात गेल्यास विषारी ठरतो. परसातली कण्हेरही तशीच. तमिळ लोक तिला 'अरळी' म्हणतात आणि तिची फुले देवाला वाहतात. तिची पाने, फुले, काड्या सगळेच विषारी. निर्माल्याची टोपली म्हणूनच उंचावर ठेवावी. चौकातली विहीर किंवा पाण्याची टाकी झाकावी. दारातली रांगोळी तांदळाच्या पिठाची असेल तर पिल्लाने चाटली तरी बिघडत नाही, दगडाच्या भुकटीची असेल तर त्याला दूर ठेवावे.

पहिली रात्र

पिल्लू शक्यतो सकाळी आणावे, म्हणजे अंधार पडेपर्यंत त्याला घराची ओळख होते. येताना त्याच्या आईच्या अंथरुणातला एखादा कपडा मागून घ्यावा. त्या वासाने त्याला धीर येतो. पहिल्या दिवशी शेजारपाजारच्या मुलांची जत्रा भरवू नये.

रात्री ते रडणारच. आजवर ते भावंडांच्या उबेत झोपलेले असते. त्याला परसात बांधून "रडून रडून गप्प होईल" असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. ते गप्प होते हे खरे, पण थकून आणि घाबरून. त्यापेक्षा पहिले काही दिवस पुठ्ठ्याच्या खोक्यात जुने सुती कापड घालून ते खोके कोणाच्या तरी अंथरुणाशेजारी ठेवावे. रडले की हात लावून धीर द्यावा. मग रोज थोडे थोडे दूर सरकवत त्याला त्याच्या ठरलेल्या जागी न्यावे.

शी-शूची शिस्त

दोन महिन्यांच्या पिल्लाला फार तर दोन-तीन तास दम धरता येतो. म्हणून झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर त्याला लगेच परसातल्या एकाच ठरावीक जागी न्यावे. रात्रीही एकदा-दोनदा उठावे लागते. तिथे केले की त्याच क्षणी कौतुक करावे. घरात झाले तर काही न बोलता पुसून टाकावे. नाक घासणे, चापट मारणे यातून पिल्लू एवढेच शिकते की माणसासमोर हे करायचे नसते. मग ते पलंगाखाली जाऊन करते.

नुसता दहीभात पुरत नाही

शाकाहारी घरात पिल्लाला दहीभात घातला जातो. पिल्लू आवडीने खाते, गोलमटोलही दिसते. पण झपाट्याने वाढणाऱ्या हाडांना आणि स्नायूंना लागणारी प्रथिने, कॅल्शियम आणि जीवनसत्त्वे नुसत्या दहीभातातून मिळत नाहीत. काही महिन्यांनी पुढचे पाय वाकलेले दिसू लागतात, तेव्हा कारण लक्षात येते.

कुत्रे मांजरासारखे निव्वळ मांसाहारी नाही. समतोल असेल तर शाकाहारावरही ते जगू शकते. पण तो समतोल घरच्या अंदाजाने साधत नाही. पिल्लांसाठी मिळणारे तयार खाद्य हा सोपा मार्ग आहे. घरी अंडे चालत असेल तर उकडलेले अंडे उत्तम. अंडेही चालत नसेल तर पनीर, दही, शिजवलेल्या डाळी आणि वरून काय द्यावे, हे पशुवैद्याला विचारूनच ठरवावे. कॅल्शियमची औषधे मनाने देऊ नयेत. ते जास्त झाले तरी हाडे बिघडतात. घरात हे जमणारच नसेल, तर हा विचार पिल्लू आणण्याआधी झालेला बरा.

चार महिन्यांपर्यंत दिवसातून तीन-चार वेळा, पुढे तीनदा आणि सहा महिन्यांनंतर दोनदा खाणे द्यावे. भांडेभर गाईच्या दुधाने अनेक पिल्लांना जुलाब होतात. उरलेले सांबार वाडग्यात ओतण्याची सवय तर मोडलीच पाहिजे, कारण त्यातला कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींना मारक असतो. लसूणही तसाच. पायसममधले बेदाणे मूत्रपिंड निकामी करू शकतात. चॉकलेट आणि कुंभकोणमचा अभिमान असलेली फिल्टर कॉफी, ही दोन्हीही माणसांनीच घ्यावीत.

लस आणि नादस्वरम

सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान पार्व्हो, डिस्टेंपर वगैरे रोगांची पहिली लस देतात आणि पिल्लू सोळा आठवड्यांचे होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी तिचे पुढचे डोस असतात. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांचे झाल्यावर द्यायची आणि पुढे पशुवैद्य सांगतील तशी नियमाने चालू ठेवायची. जंताचे औषध त्याआधीच सुरू झालेले असते. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पावसात साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो आणि तो माणसालाही होतो, म्हणून त्या लसीविषयी विचारावे. गोचिडांचे औषधही इथे बारमाही लागते.

लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर सोडू नये, हे डॉक्टर सांगतात. पण याच काळात दुसरे एक दार मिटत असते. तिसऱ्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे पाहते, ऐकते, ते त्याला जन्मभर आपले वाटते. या दिवसांत ते चार भिंतींत कोंडले गेले तर पुढे अनोळखी माणूस, स्कूटर, छत्री, कशालाही बिचकते. आणि बिचकणारे कुत्रेच बहुधा चावते.

यावर जुन्या घराचा ओटा हा झकास उपाय आहे. रोज संध्याकाळी पिल्लाला मांडीवर घेऊन तिण्णैवर बसावे. पाय जमिनीला लागत नाहीत, पण जग दिसते. भाजीवाली जाते, सायकलची घंटा वाजते, देवळाची मिरवणूक नादस्वरम आणि तविल वाजवत पुढे सरकते. वाद्ये दूर असताना सुरुवात करावी, सोबत एखादा आवडता घास द्यावा. घाबरले तर आत न्यावे, उद्या पुन्हा बसावे. ओटा नसलेल्यांना बाल्कनी किंवा फाटक आहेच. दर बारा वर्षांनी इथे महामहमचा मेळा भरतो. २०१६ नंतरचा मेळा २०२८ चा. त्या दिवसांत घरोघर पाहुण्यांचा राबता असतो. त्या गर्दीत शांत राहणारे कुत्रे घडते ते लहानपणीच्या अशा संध्याकाळींतूनच.

मुले आणि दात

दात येण्याच्या वयात पिल्लू हात धरणारच. त्या वेळी न ओरडता खेळ थांबवावा आणि चावायला ओले, पिळलेले फडके द्यावे. मुलांना दोन नियम पाठ असावेत. खाताना हात लावायचा नाही आणि झोपेतून उठवायचे नाही.

पिल्लाचा दात लागून रक्त आले किंवा ओरखडा उठला, तर घरचेच आहे म्हणून दुर्लक्ष करू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. हळद, चुना, तिखट यांपैकी काहीही लावू नये. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी वाचणे जवळपास अशक्य असते, पण वेळेवर घेतलेली लस वाचवते. मुलाने भीतीने हे लपवू नये, यासाठी "तू त्याला छेडलेस का?" हा प्रश्न त्या दिवशी विचारूच नये.

ज्यांना जमणार नाही

एवढे सारे वाचून एखाद्या घराने ठरवले की आपल्याला हे झेपणार नाही, तर त्यात कमीपणा काही नाही. मुलाचा आठवडाभराचा रुसवा परवडला. पिल्लू वाढले, खर्च वाढला, हौस फिटली, म्हणून कुत्र्याला गावाबाहेर सोडून येणारी माणसे सर्वत्र आहेत. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानुसार पाळीव प्राण्याला असे वाऱ्यावर सोडणे हा गुन्हा आहे. आणि ज्याला आजवर वाडग्यात खाणे मिळाले, त्याला उकिरडा धुंडाळता येत नाही.

कुत्रे दहा-बारा वर्षे जगते. आज चौथीत असलेला मुलगा कॉलेजात जाईल, कदाचित नोकरीसाठी चेन्नईला किंवा बंगळूरला जाईल, तेव्हाही ते ओट्यावर बसलेले असेल. त्या वेळी त्याला जेवण घालणारे जे कोणी घरात असेल, त्याचा होकार सर्वांत आधी घ्यावा. बहुतेक घरांत ती आई असते, नाहीतर आजी. त्या मनापासून "आणा" म्हणाल्या की मग खुशाल गळपट्टा विकत घ्यावा.