कार्ड जागेवरच होतं!



गेल्या रविवारी आमचा संगणक मुका झाला. आदल्या रात्री उबुंटू २२.०४ वरून २४.०४ वर अपग्रेड केलं होतं. सगळं नीट पार पडलं असं वाटलं. सकाळी कॅनडातली नात पडद्यावर आली. पडलेला दात दाखवतेय, तोंड हलतंय, आणि आवाज नाही! ती मराठी छान बोलते, पण वाचत-लिहीत नाही. म्हणजे आमचं नातं सगळं आवाजावरच उभं. फोन आहे, पण मोतीबिंदूच्या डोळ्यांना मोठा पडदाच बरा.

एक दुरुस्तीवाला फोनवरच म्हणाला, "काका, साउंड कार्ड उडालं असणार, नवीन टाका." आता इतकी वर्षं पोरं शिकवली. वर्गात गप्प बसणाऱ्याला मी कधी न तपासता 'ढ' ठरवलं नाही. मग कार्डालाच का?

टर्मिनलमध्ये 'एप्ले' लिहिलं, जागा सोडून उणे चिन्ह आणि छोटा एल. कार्ड यादीत हजर! म्हणजे यंत्राला ते दिसतंय. मग सेटिंग्जमध्ये साउंड उघडलं. आवाजाची वाट एचडीएमआयने मॉनिटरकडे गेलेली, आणि आमच्या मॉनिटरला स्पीकरच नाहीत. ती बदलली. तरी गप्प. शेवटी 'अल्सामिक्सर' उघडलं, एफ६ दाबून कार्ड निवडलं, तर 'फ्रंट'च्या खांबाखाली 'एमएम', म्हणजे म्यूट. एमची कळ दाबली, 'ओओ' झालं आणि स्पीकर खरखरले. खर्च शून्य, वेळ मात्र दोन दिवस.

हे दोन दिवस का लागावेत? २२.०४ मध्ये आवाजाचा कारभार पल्सऑडिओ बघत असे, २४.०४ मध्ये तो पाइपवायरकडे आहे. कारभारी खुशाल बदला, पण किल्ल्या कुठे ठेवल्या ते घरच्यांना सांगा की! अपग्रेड संपल्यावर "आवाजाची ही व्यवस्था बदलली, एकदा तपासून घ्या" एवढी एक ओळ पुरली असती.

दुसरं असं, की मला सापडलेली सगळी माहिती इंग्रजीत. मी मराठी माध्यमाचा बीए, शब्दकोश मांडीवर घेऊन बसलो. मुंबई आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल'मध्ये लिनक्सचे धडे मराठीतूनही ऐकता येतात, त्याबद्दल त्यांना शंभर गुण. पण मुक्या संगणकावर ऐकायचं कसं? अशा वेळी लिहिलेलं मराठीच हवं.

म्हणून आग्रहाने सांगतो, तुम्ही घरी काहीही दुरुस्त केलंत तर ते मराठीत लिहून ठेवा. चुकलेल्या पायऱ्यांसकट लिहा. गिरीजच्या वाडीत बसलेल्या एखाद्या म्हाताऱ्याचे दोन दिवस आणि नव्या कार्डाचे पैसे वाचतील.

असो. दात कसा पडला ते काल सविस्तर ऐकलं. तीन वेळा!