पाच गाणी, दोन ओळी

बुधवारी रात्री आठ वाजता शेजाऱ्यांच्या खिडकीखाली उभे राहून आम्ही गाणी ऐकत होतो, असे सांगणारी वडीलधारी मंडळी अजून पुष्कळ घरांत आहेत. रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली ती १९५२ साली. त्याच सुमारास आकाशवाणीने चित्रपटगीतांना आपले दार जवळजवळ लावून घेतले होते. तेव्हा श्रोत्यांनी निमूटपणे रेडिओचा काटा सिलोनकडे फिरवला! पुढे १९५७ मध्ये विविध भारती आली आणि ते दार पुन्हा उघडले. अमीन सायानी २०२४ च्या फेब्रुवारीत गेले, तेव्हा ज्यांनी त्यांना कधी डोळ्यांनी पाहिले नव्हते, त्यांनाही घरातले माणूस गेल्यासारखे वाटले.

आता असे पाहा मंडळी, त्या कार्यक्रमातली गाणी काही कोणाला नवी नसत. तीच गाणी लोक थिएटरात ऐकून आलेले असत. मग आठवडाभर वाट कशाची पाहायची? तर कोणीतरी आपल्याशी बोलत बोलत ती एकामागून एक मांडीत असे, त्या मांडण्याची. गाण्याला पाट मांडून, रांगोळी घालून बसविण्याचाच तो प्रकार होता.

१९५५ च्या एप्रिलात पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ सुरू झाले, त्याचीही हीच तऱ्हा. गदिमा लिहीत, बाबूजी चाल लावीत, आणि आठवड्याला एक नवे गीत श्रोत्यांना मिळे. छप्पन्न गीते पुरी व्हायला वर्षाहून थोडा अधिकच काळ लागला. मधल्या सात दिवसांत आधीचे गीत घरात लोणच्यासारखे मुरत असे.

आज गाण्यांना तोटा नाही. खिशातल्या फोनात लाखो गाणी आहेत. ‘स्पॉटिफाय’ तर दर सोमवारी तीस गाण्यांची यादी आपण न मागता आपल्यापुढे ठेवते, आणि ती पुष्कळदा आवडतेही! यंत्राला आपण ठेवण्याचे मला कारण दिसत नाही. पण एखादे गाणे आपण तीनदा ऐकले एवढेच त्याला कळते. तिसऱ्यांदा ऐकताना डोळे का भरून आले, हे कळत नाही. ते कळायला माणूसच लागतो.

म्हणून आमच्या कुटुंबात गेली तीन वर्षे एक प्रथा आहे. फोनवरच्या घरच्या गटात दर रविवारी सकाळी, पाळीपाळीने, एकाने पाच गाणी पाठवायची. नियम तीनच. पाचाच्या वर सहावे नाही. प्रत्येक गाण्याखाली कवी, संगीतकार आणि गायक यांची नावे. आणि हे गाणे का निवडले, याच्या दोन ओळी.

दुसऱ्या नियमाला मुलांनी ‘मास्तरकी’ म्हणून नाके मुरडली. पण गंमत पाहा. ‘मी डोलकर’ या गाण्यावर शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाचलेल्या आमच्या भाचीला ते कोळीवाड्यातले पारंपरिक गाणे वाटत होते. नावे शोधायला बसली, तेव्हा कळले की ते लिहिले शांता शेळके यांनी, म्हणजे मराठीच्या एका प्राध्यापिकेने. चाल हृदयनाथ मंगेशकरांची. आणि लताबाईंच्या जोडीला गाणारे हेमंतकुमार होते बंगाली! दुसऱ्या आठवड्यात ‘साधी माणसं’ (१९६५) या चित्रपटातले ‘ऐरणीच्या देवा’ आले. लिहिणारे जगदीश खेबुडकर, गाणाऱ्या लताबाई, आणि संगीतकार ‘आनंदघन’ म्हणजे पुन्हा लताबाईच, हे समजल्यावर चहा थंड होईपर्यंत चर्चा चालली. गाणे नुसते ऐकले की ते गळ्याचे होते. नावे वाचली की ते चार माणसांच्या मेहनतीचे होते.

तिसऱ्या नियमाचे मोल मात्र आम्हांला उशिरा कळले.

आमचे एक काका ब्याऐंशी वर्षांचे. बोलणे मोजके, हवापाणी आणि पेन्शन, यापलीकडे विषय नाही. काकू जाऊन चार वर्षे झाली, त्यांच्याविषयी त्यांनी कोणापाशी चकार शब्द काढला नव्हता. आपली पाळी आली तेव्हा त्यांनी एका जुन्या भावगीताखाली लिहिले : ‘‘पोळ्या लाटताना ही हे म्हणत असे. दुसऱ्या कडव्यात नेहमी एक शब्द चुके; मी तो कधी दुरुस्त केला नाही.’’

दिवसभर गटात कोणी काही लिहिले नाही. संध्याकाळी बंगळुरूला नोकरी करणाऱ्या नातीने त्यांना फोन लावला आणि विचारले, ‘‘आजोबा, कोणता शब्द?’’ अर्धा तास दोघे बोलत होती. त्यानंतर काका दर रविवारी सर्वांची गाणी ऐकून अभिप्राय कळवू लागले. पुतण्याने ‘सैराट’मधले (२०१६) गाणे पाठवले, तर त्यांचे उत्तर : ‘‘दणदणाट जरा फार. पण मागची व्हायोलिने पुन्हा ऐकली.’’ पुतण्याने लगेच कळवले, ‘‘काका, तो वाद्यमेळ लॉस एंजल्सला जाऊन ध्वनिमुद्रित केलाय!’’ त्यावर काकांचे उत्तर : ‘‘तरीच.’’

कोणी म्हणेल, यात विशेष ते काय? नुसती गाणी तर सगळेच पाठवतात. पाठवतात खरे, सकाळी उठून पाहावे तो वीस गाणी येऊन पडलेली, आणि एकही ऐकायला सवड नाही! पण पाठवणे वेगळे आणि देणे वेगळे. दिवाळीत आपण शेजारी फराळाचे ताट धाडतो, ते काही डबाभर चकल्या ओतून नव्हे. चार चकल्या, दोन लाडू, एक करंजी असे निगुतीने लावून, वर क्रोशाचा रुमाल टाकून धाडतो. ते ताट रिकामे परत करायचे नाही, ही आपली रीत.

तेव्हा यंदा फराळाबरोबर घरच्यांना पाच गाण्यांची एक यादीही धाडून पाहा. खाली दोन ओळी लिहायला विसरू नका. आणि घरातले जे माणूस सर्वांत कमी बोलते, त्याची पाळी लवकर लावा.