भरपाई: दान नव्हे, ऋण

कामावर असतां एखाद्याचा हात यंत्रांत सांपडला, कीं धनी घरीं येऊन चार नोटा पुढें ठेवितो, आणि घरचीं वडील मंडळी त्याच्या औदार्याचे गोडवे गातात. येथेंच चूक होते. दान हें देणाऱ्याच्या मर्जीवर असतें; ऋण मात्र फेडावेंच लागतें. आपल्या देशांत १९२३ च्या कायद्यानें ही भरपाई धन्याचें ऋण ठरविली. २०२५ च्या नोव्हेंबरपासून तिचे नियम सामाजिक सुरक्षा संहितेंत आहेत.

मृत्यु ओढवल्यास मासिक वेतनाच्या, सरकारनें ठरविलेल्या मर्यादेपर्यंत, शेंकडा ५०, आणि कायमचें पूर्ण अपंगत्व आल्यास शेंकडा ६० घेऊन त्यास वयाच्या गुणकानें गुणावयाचें असतें. वय जितकें कमी, तितका गुणक मोठा. राज्य विमा महामंडळाकडे नोंद असलेल्यास त्या महामंडळाकडून लाभ मिळतो.

हक्क सोडल्याचा कागद, त्यावर सही असली तरी, निरर्थक होय. मृत्यूची भरपाई परस्पर विधवेच्या हातीं न देतां सरकारी अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. दाव्याची मुदत दोन वर्षांची आहे. म्हणून दुखापतीची लेखी सूचना तत्काळ द्यावी, दवाखान्याचे कागद आणि पगाराच्या पावत्या जपून ठेवाव्या.

‘मागावें कसें?’ असें कित्येक सुशिक्षित घरांत अद्यापि म्हणतात. परंतु भीड ही भिकेची बहीण. आपलें येणें मागण्यांत कुलीनतेस कसलाही बाध येत नाहीं.