लक्ष्मीपूजन आणि राज्याची वही

आज आश्विन अमावास्या. सायंकाळी घरोघरी लक्ष्मीचे पूजन होईल. पेढ्यांवर नव्या वह्या मांडल्या जातील आणि त्यांवर कुंकवाचे स्वस्तिक रेखाटले जाईल. या पूजेत नवी केरसुणीही मांडण्याची आपल्याकडे रीत आहे. लक्ष्मी यावी यासाठी केवळ प्रार्थना पुरेशी नसते, अलक्ष्मीला झाडून बाहेर काढावे लागते, हे आपल्या पूर्वजांनी ओळखले होते. या मंगल दिनी आम्ही अशा एका वहीकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो, जिची पूजा कोणी करीत नाही आणि जी फारसे कोणी उघडूनही पाहत नाही. ती वही राज्याच्या तिजोरीची.

ही तिजोरी केवळ धनिकांच्या पैशावर भरते, हा भ्रम आहे. अभ्यंगस्नानासाठी साबणाची वडी घेणारा मजूरही त्या वडीबरोबर कर मोजतो. म्हणूनच तिजोरीतील प्रत्येक रुपयाचा जाब विचारण्याचा अधिकार त्यालाही आहे.

भंडारा जिल्ह्यातील वैनगंगेवरच्या गोसीखुर्द प्रकल्पाचेच उदाहरण घेऊ. १९८३ साली त्यास मान्यता मिळाली, तेव्हा अंदाजित खर्च सुमारे ३७२ कोटी रुपये होता. १९८८ साली पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते भूमिपूजन झाले. २००९ साली तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला, आणि २०१६ च्या सुधारित मान्यतेत खर्चाचा आकडा १८ हजार ४९४ कोटींवर गेला. मूळ अंदाजाच्या ही जवळजवळ पन्नास पट वाढ! भूसंपादन व पुनर्वसन यांवरील खर्च वाढतो, महागाईही वाढते, हे आम्हांस मान्य आहे. परंतु त्या तेहेतीस वर्षांत सर्वसाधारण भावमान दहा-बारा पटींनीच वाढले. उरलेली वाढ कोणाच्या खाती मांडावयाची? जेव्हा एकाच वेळी अनेक धरणांचे नारळ फोडले जातात आणि तुटपुंजा निधी सर्वांवर शिंपडला जातो, तेव्हा कोणतेच काम वेळेत संपत नाही. विलंबाचा भुर्दंड मात्र करदात्यास पडतो, आणि पाण्याविना कोरडे राहते ते शेतकऱ्याचे शेत.

ही व्यथा एका धरणाची नाही. सन २०११-१२ च्या राज्याच्या आर्थिक पाहणीत, पिकांखालील एकूण क्षेत्रातील सिंचित क्षेत्राचा वाटा २००१-०२ मध्ये १७.८ टक्के आणि २००९-१० मध्ये १७.९ टक्के असल्याचे दिसून आले. दशकभराच्या सुमारे ७० हजार कोटींच्या खर्चाचे फळ हेच काय, असा प्रश्न तेव्हा उभ्या महाराष्ट्राने विचारला. नोव्हेंबर २०१२ च्या सरकारी श्वेतपत्रिकेने मात्र वाढ ५.१७ टक्के असल्याचे सांगितले. एकाच पेढीच्या दोन वह्यांत असा फरक पडला, तर साधा व्यापारीही तो शोधून काढल्यावाचून नवी वही मांडणार नाही. पुढे माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, २०१४ साली तिचा अहवालही आला. पण मुरलेल्या सवयी एका अहवालाने सुटत नाहीत.

वही तपासण्याची व्यवस्था घटनाकारांनी करून ठेवली आहे. महालेखापरीक्षकांचा अहवाल अनुच्छेद १५१ अन्वये विधिमंडळापुढे मांडावाच लागतो. परंतु तो बहुधा अधिवेशनाच्या अखेरीस पटलावर येतो. त्यावर चर्चा व्हावी तोच सभागृह उठते. अहवाल वेळेवर यावा, त्यावर चर्चा व्हावी, आणि आरंभलेली कामे पुरी झाल्यावाचून नव्याचा नारळ फुटू नये, एवढीच आमची मागणी आहे. तिला पैसा लागत नाही, इच्छा लागते.

पाडव्याला आपण बळीराजाचे स्मरण करू. त्याच्या नावाने काढलेला पैसा त्याच्या बांधापर्यंत पोहोचावा, यासाठी ती पूजेतली केरसुणी एकदा मंत्रालयाच्या दप्तरांवरूनही फिरावी. वाचकांना ही दीपावली सुखसमृद्धीची आणि जागृतीची जावो!